हुलग्याचं गोरं पीठ

अर्धा तास अंधारात ठेवून टेस्ट ट्यूब बाहेर काढली, तरी आतला जांभळा रंग जांभळाच होता.

"थोडा फिकट झालाय," देवरे सर म्हणाले. सर आमच्या अंबडच्या फूड टेस्टिंग लॅबचे प्रमुख.

"चष्मा काढून बघितलं तर," मी म्हणाले.

सॅम्पल हुलग्याच्या पिठाचं होतं. पंचवटीतल्या मंगलाताई शेंगोळ्यांसाठी तयार पीठ विकतात. एका मोठ्या स्टोअरने त्यांचा माल ठेवायचं कबूल केलं होतं. अट एकच. पाकिटावर अँटिऑक्सिडंट्सचा उल्लेख होता, त्याला लॅबचा रिपोर्ट हवा. पाकिटं तर छापून झाली होती.

हुलगे, मटकी, उडीद अशा कडधान्यांत फिनॉलिक्स नावाची द्रव्यं असतात. ऑक्सिजनमुळे पदार्थ बिघडत जातो, त्या बिघाडाला ती आवर घालतात. म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणायचं. हे तपासायला आम्ही डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण वापरतो. त्यात पिठाचा अर्क घालायचा. अर्कात दम असेल तर जांभळा रंग जाऊन पिवळा येतो. किती गेला ते मशीन मोजतं.

द्रावणच खराब असेल म्हणून व्हिटॅमिन सी घालून पाहिलं. ते झटक्यात पिवळं झालं. म्हणजे द्रावण ठीक होतं.

मंगलाताईंना फोन केला.

"तुमच्याकडंच काही चुकलं असंल मॅडम. माझे हुलगे लय चांगले हायेत, माळरानावरचे."

"हुलग्यांवर संशय नाही, ताई."

"मग काय माझ्यावर हाय?"

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "अर्क जरा घट्ट काढा. आकडा येईल."

"येईल. पण तो आपण आणलेला असेल."

सरांनी ट्यूब स्टँडमध्ये परत ठेवली. माझी आई जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते, त्यामुळे ते माझ्याशी वाद घालत नसत. मी त्याचा पुरेपूर फायदा घेत होते.

त्या संध्याकाळी घरी स्वयंपाकघरातला एक डबा उघडला. आईने दळून आणलेलं हुलग्याचं पीठ त्यात तसंच होतं. मला शेंगोळे वळता येत नाहीत, आणि ते पीठ टाकूनही देववत नव्हतं. चिमूटभर तळहातावर घेतलं. विटकरी, मातकट, मधूनमधून टरफलाचे ठिपके. लॅबमधलं सॅम्पल मात्र बेसनासारखं गोरं होतं.

दुसऱ्या दिवशी मंगलाताईंना बोलावून घेतलं.

"ताई, तुम्ही रोज विकता ते हेच पीठ का?"

"हेच की. फक्त लॅबला द्यायचं म्हणून जरा..."

"जरा काय?"

"हुलगे भिजवून, चोळून टरफलं काढली. वाळवून दळलं, अन् वर फडक्यातनं वस्त्रगाळ केलं. सरकारी माणसं बघणार म्हणल्यावर कोंडा दिसू द्यायचा का?"

"आम्ही सरकारी नाही हो."

"कोट तर घालता."

हुलग्यातली ही द्रव्यं मुख्यतः टरफलात असतात. काही भिजवलेल्या पाण्यात उतरतात. ताईंनी पाणी मोरीत ओतलं होतं आणि टरफलं शेजारच्या गाईला घातली होती. जे तपासायचं, तेच नेमकं काढून बाकीचं आमच्याकडे आणलं होतं.

"गाईची तब्येत सुधारली असेल," सर म्हणाले.

मंगलाताई हसल्या नाहीत. "म्हणजे आता स्टोअर माल नाकारणार?"

"नाही. आता तुम्ही काहीच आणायचं नाही."

मी स्वतः पंचवटीतल्या एका किराणा दुकानातून त्यांचं पाकीट विकत आणलं. तेच द्रावण, तेवढाच अर्क. ट्यूब बाहेर काढली तेव्हा जांभळा रंग जाऊन पिवळट आला होता. सरांनी चष्मा न काढताच मान डोलावली.

रिपोर्ट हातात देताना ताईंना बजावलं, "ट्यूबमधला रंग गेला म्हणजे माणसाचं दुखणं गेलं असं नाही. पाकिटावर आजारांची नावं छापू नका."

"मधुमेह तरी?"

"तोही नाही."

स्टोअरने माल घेतला. तेव्हापासून सॅम्पल घेताना मी आधी विचारते, हे आमच्यासाठी वेगळं केलंय का? बहुतेक जण मोठ्या अभिमानाने हो म्हणतात. मग मी पिशवी परत देते आणि दुकानाचा पत्ता विचारते.