ब्लूटूथच्या यादीतला अश्विन

लाखांदूरच्या एसटी थांब्याला अगदी लागून ताराचंद मेश्रामची टपरी आहे. तीस वर्षं हा माणूस लोकांचे अर्ज लिहितो. आधी टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. कुणाची विहीर, कुणाचा दाखला, कुणाच्या आडनावातली चूक. आधी हकिगत, शेवटी विनंती, हा त्याचा क्रम कधी मोडला नाही. स्वतःसाठी मात्र त्याने जन्मात एक अर्ज केला नाही. आपल्याला कुणाकडे काही मागायचंच नाही, असं तो छाती काढून सांगायचा. नुसती फुशारकी!

कॉम्प्युटर आणला तो मुलाने, अश्विनने. मशीन जुनं, त्यात ब्लूटूथ नव्हतं, म्हणून त्याने मागे नखाएवढा डोंगल खोचून दिला. सुट्टीत आला की बापाशेजारी स्टुलावर बसून, कानाला हेडफोन लावून त्याच कॉम्प्युटरवरची गाणी ऐकायचा. हेडफोनला नावही स्वतःचंच देऊन ठेवलेलं. लिहिलेला अर्ज कॉम्प्युटरने मोठ्याने वाचून दाखवायचा, ही सोयही त्याचीच. ज्याला वाचता येत नाही तो निदान ऐकून अंगठा लावेल, म्हणाला होता.

मग मालनबाई, अश्विनची आई, गेली. अश्विन पुण्याहून निघाला, पण पोचेपर्यंत माती झाली होती. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या दिवशी भरल्या मांडवात ताराचंद पोरावर घसरला. "मायच्या मातीले नाई आला, आता कायले आला? या घराची पायरी चढू नोको." पोराने हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवला आणि निघून गेला. त्याला अडीच वर्षं झाली. नंबर दोघांकडेही होते. लावला कुणीच नाही.

कॉम्प्युटरने मात्र ते नाव टाकलं नव्हतं. ब्लूटूथच्या यादीत एकच नाव, अश्विन, आणि खाली 'जोडलेलं नाही'. सकाळी टपरी उघडली की ताराचंद आधी ती यादी बघायचा, मग कामाला लागायचा. मध्यंतरी कॉम्प्युटर अपडेट झाला आणि ब्लूटूथच गायब झालं. बसलेली दोन माणसं तशीच सोडून ताराचंद मोबाइल दुरुस्तीवाल्या धर्मेंद्रला हाताला धरून घेऊन आला. धर्मेंद्रने काहीतरी डाउनलोड केलं, यादी परत आली.

"काका, तुमचा स्पीकर तं वायरवर चालते. ब्लूटूथ कायले पायजे तुमाले?"

"राहू दे."

"अन् हे अश्विन नाव? कधी जुडतच नाई. काढून टाकू का?"

"हात नोको लावू त्याले!" ताराचंद असा ओरडला की धर्मेंद्रने माउसच सोडला.

गेल्या मंगळवारी दुपारी बेबीबाईचा अर्ज चालला होता. तिला रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं होतं. कॉम्प्युटर वाचत होता, "तरी सदर नाव समाविष्ट करण्यात यावे," आणि मध्येच गप्प झाला.

"काहून थांबला जी?" बेबीबाईने विचारलं.

ताराचंदने स्पीकरची वायर हलवली. मग पडद्याकडे पाहिलं. अश्विन, आणि खाली 'जोडलेलं आहे'.

त्या हेडफोनचा पल्ला तीस फूट, फार तर. थांब्यावर वडशाची गाडी उभी होती. पोरगा तिच्यात बसला असणार. मामाच्या गावाहून परतत असेल. मामाकडे येतो, बापाकडे तेवढा नाही. त्याने हेडफोन चालू केला आणि त्याच्या फोनच्या आधी या जुन्या कॉम्प्युटरनेच हेडफोनला धरलं. बेबीबाईच्या सुनेचा अर्ज त्याच्या कानात वाजला होता. कुणाच्या टपरीतला आवाज आहे हे त्याला कळलं नसेल असं होणार नाही. तरी त्याने हेडफोन बंद केला नव्हता.

दहा पावलांवर पोरगा. पण पोराने तोंड फिरवलं तर काय करायचं, या भीतीने ताराचंद जागीच बसला. मग त्याने नवा कागद उघडला आणि बोटांना जे येत होतं ते लिहिलं.

'प्रति, अश्विन ताराचंद मेश्राम. विषय: मालनबाईच्या मातीबाबत. महोदय, आपण मालनबाईच्या मातीला वेळेवर पोचला नाहीत. यात आपला काहीही दोष नव्हता. अर्जदार रागात बोलला. अर्जदाराची चूक झाली. अर्जदार घरी एकटाच जेवतो. तरी आपण घरी यावे, ही नम्र विनंती.'

लिहायला तीन-चार मिनिटं गेली. नाव यादीत तसंच होतं. पोरगा थांबला होता! ताराचंदने वाचायचं बटण दाबलं. टपरीत काहीच ऐकू येईना. पडद्यावर एकेक शब्द पिवळा होत पुढे सरकत होता. अश्विन. मालनबाईच्या. मातीला. वेळेवर. पोचला नाहीत.

आणि यादीत अश्विनच्या खाली पुन्हा 'जोडलेलं नाही' आलं. स्पीकर खणखणीत बोलला, "यात आपला काहीही दोष नव्हता. अर्जदार रागात बोलला."

गाडी अजून हललीही नव्हती. ताराचंद खुर्ची पाडून बाहेर धावला. "अश्विन! अरे, पुढचं आयक ना बाबू!" कंडक्टरने दोनदा घंटी मारली. मागच्या खिडकीत पोराची पाठमोरी मान दिसली, तिच्यावर उतरवलेला हेडफोन. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

तो परत आला तेव्हा स्पीकरवरचा अर्ज वाचून संपला होता. बेबीबाईने खुर्ची सरळ करून ठेवली होती. डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "आयकलं का जी त्यानं?"

"आयकलं," ताराचंद म्हणाला. "मी मांडवात बोललो होतो, तेवढंच आयकलं."