हाक्याचा वाटा

शनिवारी आमच्या कॉलेजने फुटबॉलमध्ये कोल्हापूरच्या टीमला हरवलं. मी मॅचभर रेषेबाहेर बसून होतो... तरी ती जिंकण्यात माझा हात होता, असं म्हणायला आता हरकत नाही.

मी टीमचा कायमचा रिझर्व्ह. धावलो की दम लागतो, म्हणून वहीत डाव काढतो. कुणी कुठून सुटायचं, चेंडू कुणाला द्यायचा वगैरे. पोरं त्या वहीला पत्रिका म्हणतात, कारण त्यातलं एकही भविष्य आजवर खरं झालेलं नव्हतं.

आमचा सेंटर फॉरवर्ड गणपत. संगमेश्वराकडच्या खेड्यातला, कातळावर अनवाणी असा पळतो की बघत राहावं. कोल्हापूरकरांच्या कानावर त्याचं नाव गेलं होतं, तेव्हा दोघं-तिघं त्याला चिकटणार हे उघड होतं.

म्हणून मी वेगळाच डाव काढला. गणपतने चेंडू मागत, ओरडत डावीकडे सुटायचं... आणि चेंडू त्याला द्यायचाच नाही! सगळे त्याच्यामागे गेले की उजवीकडून सदूने गोल मारायचा. कॅप्टन बाळने विचारलं, "चालेल ना रे गणपत?" त्याने नुसती मान हलवली.

पहिल्या हाफमध्ये गणपत छाती फुटेस्तोवर धावला. चेंडू एकदाही पायाला लागला नाही. डाव जमत होता, पण सदू! एक चेंडू तर त्याने थेट करवंदीच्या जाळीत घातला.

हाफ टाइमला सदूकडूनच कळलं. गोलच्या मागे काळी टोपी घालून उभे होते ते गणपतचे वडील. मुंबईला गिरणीत असतात, शिमग्याला आले होते. 'पोरगा शिकायला ठेवलास, तो चेंडू लाथाडतोय' असे कुणीतरी त्यांचे कान भरले होते. सोमवारच्या बोटीने ते त्याला गिरणीत चिकटवायला नेणार होते. गणपतने हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं होतं... एकदा माझा खेळ बघा, मग न्या.

वडील पोराचा खेळ बघायला आलेले, आणि माझ्या वहीने पोराला चेंडूच मिळू दिला नव्हता. मी गणपतला म्हटलं, डाव गेला खड्ड्यात, तू तुझा खेळ.

"आता कशाला? फसायला लागलेत ते," म्हणाला, आणि चूळ भरून उठला.

मॅच संपत आली तेव्हा तो पुन्हा बोंबलत डावीकडे सुटला. तिघं त्याच्यामागे धावले, गोलकीपरसुद्धा दोन पावलं सरकला. सदूपुढे एवढी मोकळी जागा होती की मीसुद्धा गोल मारला असता. त्याने मारला.

बाळच्या काकांची आंब्याची बाग आहे. गोल मारणाऱ्याला यंदाचे पहिले हापूस, असं त्यांनी कबूल केलं होतं. पेंढ्यातले सहा आंबे त्यांनी सदूच्या हातात ठेवले आणि एकच गलका झाला. गणपत बाजूला बसून पायातला काटा काढत होता.

तेवढ्यात त्याचे वडील गर्दीतून सरळ सदूपुढे आले. "वाटा काढा," म्हणाले.

काका चमकले. "अहो, गोल ह्याने मारलान."

"बार ह्येनी काढलान. पन हाका कोनी घातलान? आमच्या गावात डुकराची शिकार झाली की हाका घालनाऱ्याचा वाटा आधी काढतात. तो रानभर वरडत धावतो, म्हनून जनावर बंदुकीसमोर येतं."

सदू भला माणूस, त्याने मुकाट तीन आंबे दिले. वडिलांनी ते गणपतच्या मांडीवर ठेवले, आणि मग विचारलं, "आनि जनावर कुठनं उठंल, ता कोनी सांगितलान?"

गणपतने माझ्याकडे बोट केलं. त्यांनी मांडीवरचा एक आंबा उचलून माझ्या हातात दिला. माग काढणाऱ्यालाही वाटा असतो म्हणे... डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

पण गणपतचं काय, ते कुणी बोललं नाही. सोमवारी न राहवून बंदरावर गेलो. गणपत डोक्यावर ट्रंक घेऊन वडिलांमागून येताना दिसला, आणि मी मनात म्हटलं, संपलं! बोटीकडे जाणाऱ्या होडीत त्याने ट्रंक ठेवली... आणि स्वतः परत धक्क्यावर उतरला.

होडी सुटल्यावर वडील ओरडले, "अभ्यास कर रे! नायतर येऊन घेऊन जाईन!"

आंबा मी खाल्ला. त्याची बाठ खिडकीत ठेवलीय, आई रोज टाक म्हणते, पण टाकवत नाही. दोन वर्षं मी वहीत प्रत्येक डावाखाली गोल मारणाऱ्याचंच नाव लिहीत आलो. परवापासून त्याच्या आधी, ओरडत धावणाऱ्याचं लिहितो.