भेंडीचं टोक

भेंडी कोवळी की जून, हे कळायला काही मोठी विद्या लागत नाही. टोक मोडून बघायचं. कट्‌कन तुटलं तर घ्यायची, नुसतं वाकलं तर ढिगात परत टाकायची. केळशीला माहेरी असताना हे मला सहाव्या वर्षी येत होतं. लग्न होऊन रत्नागिरीला आले आणि पाहिलं, तर कचेरीतून निवृत्त झालेल्या माझ्या सासऱ्यांना ते अजून येत नव्हतं. आणि बाजार तेच करत. बायकांनी बाजारात जायचं नाही, असा त्या घरचा नियम होता. नवरा मुंबईला नोकरीवर, तेव्हा माझ्या बाजूने बोलणारंही कोणी नव्हतं.

मामंजी भाजी घेत ती आकार बघून. मोठी ती चांगली. मनगटाएवढं पडवळ, बियांनी भरलेली वांगी, आतून लाल झालेली तोंडली, सगळं पिशवीतून ओतायचे आणि वर म्हणायचे, "बघा, काय माल आणलाय!" तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आज लिहितानाही होतो आहे.

पण खरा राग पुढचाच आहे. त्या मालाची लाज सासूबाई झाकत. वांग्यांच्या बिया काढत, पडवळाच्या बियांची चटणी वाटत, जून भेंडीतले दाणे तेवढे आमटीत सोडून बाकीचा चोथा गोठ्यात नेऊन टाकत. सकाळ त्यातच जायची. एवढं करून एखादा दोरा दाताखाली आलाच, की मामंजी ताट सरकवत. "तुझ्या हाताला चवच नाही." तीस वर्षं सासूबाई हे ऐकून घेत होत्या.

एकदा मामंजींचे कचेरीतले दोन जुने स्नेही जेवायला येणार होते. सासूबाईंना ताप होता, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आला. पिशवीतून निघाली वीतवीतभर लांब, लाकूड झालेली भेंडी. सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या, "नुसते दाणे काढून घे हो."

मी नाही काढले. भेंडी चिरली, आमसुलं घालून नीट शिजवली, वर ओलं खोबरं घातलं आणि वाढली.

पाहुणे चावत राहिले. चावतच राहिले. एकाने हळूच चोथा ताटाच्या कडेला काढून ठेवला. तो मामंजींनी पाहिला.

"आमच्या सूनबाईला साधी भेंडी शिजवता येत नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. आत एक कच्ची भेंडी उरली होती, ती आणून मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"मामंजी, हिचं टोक मोडून दाखवा."

आणि त्यांनी खरंच डाव्या हाताने ती उचलली! टोक वाकलं, पिळवटलं, पण काही केल्या तुटेना. एका पाहुण्याला हसू आवरलं नाही. जेवण कसंबसं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी पिशवी माझ्या पायाशी भिरकावली. "एवढी अक्कल आहे ना, मग तूच आण."

मी वाकणार तोच सासूबाईंनी ती उचलली. "मी जाते," त्या म्हणाल्या. ताप उतरला होता, पण चेहरा ओढलेलाच होता. त्यांनी पदर सारखा केला, पडवीपर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. का थांबल्या ते मला आधी उमजेना. मग त्या पायांकडे बघताहेत हे दिसलं. त्यांच्याकडे वहाणाच नव्हत्या. चूल, विहीर आणि देऊळ, एवढ्यासाठी वहाणा कोण घेऊन देतंय! मी माझ्या पुढे केल्या, तर त्यांची टाच बाहेर राहिली.

"राहू दे गो," म्हणत त्या अनवाणीच निघाल्या. तांबड्या रस्त्यावरची खडी मला दिसत होती. मी त्यांच्या मागून चालले, माझ्या वहाणा हातात घेऊन.

बाजारात त्या ढिगापुढे बसल्या आणि एकेक टोक मोडू लागल्या. कट्‌, कट्‌. बोटं जराही अडखळत नव्हती. भाजीवालीने घर विचारलं आणि हसत म्हणाली, "म्हंजे ते मोटी भेंडी नेनारे तुमचेच काय? त्येंच्यासाटी आमी येगळी काडून ठेवतो." मला तिचा ढीग उधळून द्यावासा वाटला. सासूबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी शेरभर भेंडी निवडून घेतली.

दुपारी मामंजींनी भाजी दोनदा मागून घेतली.

"आज बाजारात माल चांगला आला होता वाटतं," ते म्हणाले.

मी तोंड उघडणारच होते. सासूबाई पातेलं घेऊन तिसऱ्यांदा वाढायला वाकल्या होत्या. त्यांनी भरलेली पळी परत पातेल्यात ठेवली.

"माल रोजच चांगला येतो," त्या म्हणाल्या, आणि पातेलं घेऊन आत निघून गेल्या.