चंद्रभागेची बक्षिसं

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत गौरीपूजनाच्या दुपारी बायकांचे खेळ होतात, आणि खेळांपेक्षा जास्त गर्दी बक्षिसांना होते. बक्षिसं चंद्रभागा देते. खर्च काही नाही, सगळा माल तिच्या माळ्यावरचा. सागाच्या पानात गुंडाळून ती पुडी देणार आणि जिंकणारीने ती सगळ्यांसमोर सोडायची, हा नियम. गेल्या वर्षी फुगडी जिंकणाऱ्या ठकूबाईला किल्ली हरवलेलं कुलूप मिळालं, तोंडाला लावायला. रोज काहीतरी उसनं मागणाऱ्या प्रयागबाईच्या पुडीतून निघाली रिकामी वाटी. दोघी आठवडाभर चंद्रभागेच्या नावाने बोटं मोडत होत्या आणि आल्यागेल्याला आपलं बक्षीस दाखवत होत्या.

बाईचा डोळाच तसा बारीक. कोण घोरतं, कोण बेडकाला घाबरतं, तिच्यापासून काही लपत नाही. तिच्या तावडीतून कुणाची सुटका नाही, आणि खरं सांगायचं तर सुटका कुणाला नकोच असते.

यंदा तिच्याच घरात नवी सून होती. मुलगा स्वराज नोकरीपायी ठाण्याला असतो, त्याची बायको सई तिथलीच. लग्नानंतरची ही तिची पहिली गौर. हे घर तिला आपलं वाटावं, एवढाच ध्यास चंद्रभागेने घेतला होता. त्यात स्वराज कानाशी लागला, "आये, सईला तुजी मस्करी नको हां. ती मनाला लावून घेती." झालं. बाई पोलादपूरला जाऊन काचेच्या ग्लासांचा सेट घेऊन आली, चकचकीत कागदातला.

संगीत खुर्चीत नेमकी सई जिंकली. बायका सरसावून बसल्या. सईने कागद सोडला, ग्लास निघाले, आणि कुणीच हसलं नाही. "चांगले हायत हां," प्रयागबाई म्हणाली, परगावच्या पाहुणीशी बोलावं तसं. सई "थँक्यू आई" म्हणून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागा चुलीपाशी असताना सईने सेट तिच्यापुढे आणून ठेवला.

"आई, हे पाहुण्यांसाठी राहू द्या. माझ्यात हसण्यासारखं काहीच सापडलं नाही का तुम्हाला?"

"तसं नाय गो. तुला वाईट वाटंल म्हनून..."

"वाईटच वाटलं. सगळ्यांना पानातली पुडी, आणि मला दुकानातली."

चंद्रभागेने हातातली फुंकणी खाली ठेवली. जिला घरात घ्यायचं, तिलाच आपण जपून जपून दारात उभं ठेवलं होतं. आणि सापडलं नव्हतं असं थोडंच होतं? आल्या दिवसापासून सई परसातल्या दगडावर टाचा उंचावून, मोबाइल आभाळाकडे धरून रेंज शोधत होती, आणि चंद्रभागा खिडकीतून बघून पदराआड हसत होती.

गौरीला निरोप द्यायला बायका अंगणात जमल्या, तेव्हा तिने सईच्या हातात सागाच्या पानांचं भलंमोठं गाठोडं दिलं. आतून निघाला पाट.

"दगडावर ठेव आनि त्यावर हुबी ऱ्हा," चंद्रभागा म्हणाली. "चार बोटं तरी रेंज वाढंल."

ठकूबाई हसता हसता खालीच बसली. सई तिथल्या तिथे पाटावर चढली, मोबाइल वर धरला आणि सगळ्यांत जास्त तीच हसली.

निघायच्या दिवशी स्वराज गाडीत सामान भरत होता. ग्लास फळीवर राहिले होते, पाट सईच्या काखेत होता.

"अगं, ठाण्यात रेंज भरपूर हाय," तो वैतागला. "कशाला वझं?"

"असू दे. माझं बक्षीस आहे."

चंद्रभागा पुढे झाली. तिने सुनेच्या काखेतून पाट घेतला, पदराने पुसला आणि मागच्या सीटवर नीट ठेवला.