मागे बसवलेली मुलगी

बाभुळगावच्या आमच्या भजनी मंडळात मी पेटी घेऊन गातो. लोक माझ्या गळ्याचं कौतुक करत आणि मला ते आवडे. माझ्या मुलीचा, पूर्वाचा, आवाज मात्र नाकातून येई, शब्द कळत नसत. मला तिची लाज वाटे. भजनाला मी तिला मागे बसवायचो.

तिचा टाळू जन्मतःच दुभंगलेला होता. नागपूरला शस्त्रक्रिया होऊन तो शिवला गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की बोलणं शिकवायला आणत जा, कान तपासत जा, अशा मुलांच्या कानात पाणी साचतं. दोनदा गेलो, मग सोडलं. बाकी देव पाहील, असं म्हणून मोकळा झालो. पुढे तिचा डावा कान वाहू लागला, तेव्हा मी कोमट तेल घातलं. हाक मारली तरी ती वळेना, तेव्हा हट्टी म्हणून मारलं. तिची आई म्हणायची, "अहो, तिले एकदा दाखवून तं आना." मी उठत नसे.

पूर्वा आठ वर्षांची असताना आम्ही चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीला गेलो. शाळेतून नुकताच निरोप आला होता की मुलीच्या डोक्यात काही शिरत नाही. मी गात होतो, पण मनात देवाशी भांडण चाललं होतं. माझ्याच घरी का? तेवढ्यात पूर्वाच्या पाठीमागे कुणाच्या तरी हातून पितळी परात फरशीवर आदळली. सगळे दचकले, माझी पेटी थांबली. पूर्वा मान खाली घालून दूर्वा निवडत राहिली.

तिथे झाडत असलेली एक म्हातारी माझ्यापाशी आली. "दादा, हे पोरगी तुही काय? इले ऐकू येत नाही."

"हट्टी आहे ती," मी म्हणालो.

"हट्टी कायची! माह्या पोरीचा बी असाच कान वाहे. मी देवाची वाट पाहत बसली अन् पोरगी गेली. तू कायले बसला? आजच जाय."

तिने माझं मनगट धरलं, ते आम्ही यवतमाळच्या एसटीत चढेपर्यंत सोडलं नाही.

डॉक्टर म्हणाले, पुवाने कानातलं हाड खाल्लंय, आणखी थोड्या दिवसांत तो मेंदूत शिरला असता. शस्त्रक्रियेने जीव वाचला. डावा कान कायमचा गेला. उजव्यालाही कमीच ऐकू येत होतं; त्याला यंत्र बसवलं, त्या दिवशी परतताना पूर्वाने विचारलं, "बाबा, तुमी मले मारत होते तवा काय म्हणत होते?"

पुढच्या चतुर्थीला त्या म्हातारीला शोधलं. अशी कुणी इथे झाडत नाही, असं पुजारी म्हणाले. मी खोदून विचारलं नाही. ती कुणीही असो, तिचे उपकार फिटायचे नाहीत.

आता रोज सकाळी, बोलणं शिकवणाऱ्या ताईंनी दाखवलं तसा, मी पूर्वाच्या नाकाखाली छोटा आरसा धरतो. ती "पापड, पाटी" म्हणते. हवा नाकातून निसटली की काच धुरकटते. बहुतेक दिवस धुरकटतेच. आवाज पूर्ण स्पष्ट होईलच असं ताई सांगत नाहीत. देवावर भार टाकणं म्हणजे आपले हात काढून घेणं नव्हे, एवढं कळायला माझ्या मुलीचा एक कान जावा लागला. आज काच अर्धी कोरडी राहिली. मी देवाकडे काही मागितलं नाही. काच पुसली आणि पुन्हा धरली.