यादीतले डॉक्टर दीनानाथ

शाल्मली सोमण कार्डिफच्या एका प्रयोगशाळेत लहान मुलांच्या मलेरियावर काम करायची. युगांडा सरकारने मंजूर केलेल्या संशोधन प्रकल्पांची यादी मंगळवारी लागणार होती. तिचा प्रकल्प त्यात नसला, तर महिनाअखेरीस नोकरी संपणार होती आणि पाठोपाठ व्हिसाही.

अकराला यादी वेबसाइटवर आली, आडनावांच्या क्रमाने लावलेली. शाल्मलीने सोमण शोधलं. नव्हतं. पुन्हा शोधलं, तरी नव्हतंच.

“स्वानंद, गेलं रे सगळं,” ती शेजारच्या टेबलावरच्या मित्राला म्हणाली.

“थांब, आधीच रडू नकोस. प्रोजेक्टच्या नावाने बघू.” त्याने खुर्ची ओढली आणि मिनिटभरात हसायलाच लागला. “हा बघ तुझा मलेरिया! पण प्रमुख संशोधक आहेत डॉक्टर दीनानाथ. हे कोण गं?”

“माझे बाबा!”

फॉर्मवर तिने शाळेच्या हजेरीपटासारखं नाव लिहिलं होतं: आधी आडनाव, मग स्वतःचं, शेवटी वडिलांचं. तिकडे शेवटचं तेच आडनाव धरलं गेलं.

“काकांना म्हणावं, बॅग भरा.”

शाल्मलीला हसू आलं, पण क्षणभरच. पासपोर्टवर सोमण होतं आणि आधीच तिकीट काढलेलं युगांडाचं विमान शुक्रवारी सकाळी. तिने लगेच कंपालाच्या सरकारी कार्यालयात फोन लावला.

“दुरुस्तीला दोन दिवस लागतील, डॉक्टर दीनानाथ,” पलीकडच्या बाई म्हणाल्या.

“चालेल,” म्हणत शाल्मलीने बोटांवर मोजलं. बुधवार, गुरुवार. मग तिने पुन्हा एकदा मोजलं.