दोराची कविता

कविता म्हणून झाली की सर चष्मा काढायचे, समोरच्याच्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघायचे आणि विचारायचे, "चिडलात?" समोरचा बापडा "नाही हो, छान होती," म्हणाला की संपलंच. "छान? छान म्हणायला ती काय भजी आहेत?"

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेलच. नसेल तर तुमचं नशीब चांगलं. आमच्या कॉलेजात सर मराठी शिकवायचे आणि मी अर्थशास्त्र. पुंडलिकनगरात घरंही समोरासमोर, त्यामुळे मला कुठूनच सुटका नव्हती. नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही. "काय अर्थशास्त्र, नळाला आज पाणी येणार की नुसती हवा?" इथून आमचा दिवस सुरू व्हायचा.

त्यांचा जीव एकोणिसाव्या शतकातल्या एका कवितेत अडकला होता. कवी कुठल्याशा खेड्यातला, पाठ्यपुस्तकवाल्यांनी कधी न विचारलेला. अभंगाच्या चालीची तीन कडवी. त्यात एका गावची विहीर होती. ती खणली गावानं, तिला पाणी दिलं देवानं, पण पोहऱ्याचा दोर टांगलेला वाड्यातल्या खुंटीला. तहान लागली की वाड्यापुढं वाकायचं, मग दोर मिळणार. पहिल्या दोन कडव्यांत त्या वाड्यातल्या धन्याची स्तुती होती. अशी तोंडभरून की, न कळणाऱ्याला आरती वाटावी आणि कळणाऱ्याच्या अंगाची आग व्हावी. तिसऱ्या कडव्यात मात्र कवी स्तुती सोडून सरळ बोलायचा.

"कुणीतरी चिडलं पाहिजे हो," सर म्हणायचे. "त्या माणसानं काय टाळ्यांसाठी लिहिलंय? आजच्या दिवसात ही कविता ऐकून एक माणूस, फक्त एक माणूस चिडलेला मला बघायचाय. मग मी मरायला मोकळा."

तो एक माणूस काही भेटत नव्हता. वर्गात कविता म्हटली की पोरं विचारत, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की वह्या मिटत. एकदा कॉलेजनं चर्चासत्र भरवलं: 'एकोणिसाव्या शतकातील कवितेची आजच्या समाजजीवनातील प्रासंगिकता'. एवढं लांब नाव म्हटल्यावर फलकावर प्रासंगिकता दोन ओळींत मोडली होती. लांबलांबून विद्वान आले. त्यांनी प्रत्येक कवी आजही प्रासंगिक असल्याचं एकमतानं ठरवलं आणि घाईघाईनं पनीरकडे वळले. सरांनी दोराची कविता म्हटली, चष्मा काढला, विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "वा! काय गोडवा आहे जुन्या भाषेत!"

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जणू अध्यक्ष मीच होतो.

ती दुष्काळाची वर्षं होती. आमचं औरंगाबाद, तेव्हा नाव तेच होतं, पाण्यावाचून झपाट्यानं वाढत होतं. शहाण्या शहरांना वाढायला पाणी लागत असेल, आम्हाला फक्त जाहिराती पुरत. कन्नड तालुक्यातली धनगर कुटुंबं मेंढरं विकून शहरात आली होती आणि आमच्या गल्लीच्या टोकाला एक भलीथोरली इमारत बांधत होती. त्या इमारतीच्या फलकावर निळाशार तरणतलाव होता. मागं पत्र्याच्या खोल्यांत बांधणारे राहत. टँकर त्यांच्या वस्तीवरूनच यायचा, पण थांबायचा आमच्या बंगल्यांपाशी. उरलंच तर जाताना वस्तीला. पाइप कुणाच्या दारात सोडायचा, हे आमचे नगरसेवक ठरवायचे.

"बघा अर्थशास्त्र," सर म्हणायचे, "दोराचा पाइप झाला. बाकी त्या कवितेत एक अक्षर बदलायचं काम नाही." आणि मग स्वतःची बादली घेऊन निमूट रांगेत उभे राहायचे. तहान काय, मलाही लागायची, त्यांनाही.

मग नगरसेवकांनी नवा टँकर आणला आणि त्याचं लोकार्पण ठेवलं. टँकरला झेंडूच्या माळा, पुढं मांडव, आणि नगरसेवकांचा फोटो एवढा मोठा की ड्रायव्हरला काचेतून रस्ता दिसेना. ते स्वतः सरांच्या दारी आले. "सर, पाण्यावर एखादी जुनी कविता म्हणा ना. आपली संस्कृती आहे ती."

सरांचं वय एकदम कमी झालं. "तोंडावर म्हणणार!" ते मला म्हणाले. "आज हमखास चिडणार!" वहिनींनी त्यांना आठवणीनं रक्तदाबाची गोळी दिली आणि मला बजावलं, "भावजी, हाणामारी झाली तर यांना मागं ओढा."

हाणामारी! अहो, सरांनी अभंगाची चाल लावली आणि पुढं बसलेल्या बायकांनी पदर सावरून टाळ्यांचा ठेका धरला. मागून कुणीतरी टाळ काढले. दुसऱ्या कडव्याला अख्खा मांडव डोलत होता. नगरसेवक उठून उभे राहिले, डोळे मिटले आणि हात जोडले. त्यांना भजन वाटलं! दोर अडवणाऱ्या धन्याची ती जहरी थट्टा त्यांनी प्रसादासारखी घेतली. तेवढ्यात मंत्र्यांची गाडी आली, निवेदकानं माइक काढून घेतला आणि तिसरं कडवं सरांच्या तोंडातच राहिलं.

मी मेला चेष्टेखोर. विचारलं, "काय सर, चिडले का?"

"हात जोडले हो त्यानं," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

पण नगरसेवक भक्तिभावात कमी पडणारे नव्हते. त्यांनी त्या दोन कडव्यांचं रेकॉर्डिंग टँकरच्या भोंग्यावर चढवलं. त्या दिवसापासून टँकर आला की गल्लीत सरांचा आवाज घुमायचा. दोराची कविता ऐकत आम्ही पाइपाखाली बादल्या सारायचो. सर फाटकाशी उभे राहून ऐकायचे. "अर्थशास्त्र, माझाच टोमणा मला रोज मारतायत," एवढंच म्हणायचे.

त्याच उन्हाळ्यात सर गेले. छातीत कळ आली आणि संपलं. भोंगा मात्र चालू होता. टँकर आला की वहिनी बाहेर यायच्या. घागर नाही, बादली नाही, नुसत्या फाटकाशी उभ्या. आवाज गल्लीच्या वळणाला विरला की आत जायच्या. त्या वेळी पाण्याच्या रांगेत आमच्यातलं कुणी भांडत नसे.

एक दिवस टँकर मुका आला. दुसऱ्या दिवशीही मुका. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, जरा विचारता का? तेवढाच आवाज होता घरात."

मी ड्रायव्हरला गाठलं. तो इकडंतिकडं बघत म्हणाला, "नगरसेवक सायबांनी बंद कराया लावलं सर. लई भडकले होते. 'हे गाणं कुणी लावलं' म्हणून माझ्याच अंगावर आले. वस्तीवरच्या बाया रोज ऐकून ऐकून तेच म्हणाया लागल्या. टँकरच्या आडव्या बसल्या आन् सायबांच्या तोंडावर म्हणल्या सगळ्या मिळून. आता आधी तिथं पाणी सोडल्याबिगर गाडी पुढं येऊ देत नाय."

मी तसाच वस्तीवर गेलो. पाइप तिथंच सोडलेला होता. त्याच्यापाशी एक बाई उभी होती, देवगाव रंगारीची, त्या इमारतीच्या वॉचमनची बायको. तिनं मला ओळखलं.

"तुम्ही त्या गाणंवाल्या सरांच्या समोरचे ना? कुठं हायेत ते?"

"गेले बाई ते. उन्हाळ्यातच गेले."

ती म्हणाली, "अरे देवा. त्यांना इचारायचं व्हतं. भोंग्यात दोनच कडवी व्हती. पर गाणं अर्ध्यावर तुटल्यागत वाटतंय. फुडं काय हाय?"

इतकी वर्षं मी त्या कवितेची टर उडवली होती. मला चाल येत नाही, आवाज तर त्याहून नाही. पण समोरासमोर राहण्याची शिक्षा भोगलेला माणूस मी, अक्षर न् अक्षर पाठ होतं. तिथंच चिखलात उभा राहून मी तिसरं कडवं म्हटलं. कवी म्हणतो, धन्याच्या हातात जोर नाही, जोर आहे तो आपल्या वाकलेल्या पाठीत. पाठी सरळ करा, दोर खुंटीवरून काढा आणि विहिरीवर सगळ्यांसाठी टांगा. मधे चाल सुटली, तरी शेवटपर्यंत म्हटलं.

बाया हातातल्या घागरी खाली ठेवून ऐकत होत्या. संपल्यावर मी चष्मा काढला आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं. विचारायची गरजच पडली नाही.